हरवलेले चौदा ग्रॅम

माझ्या पोटावर पाचशेचा आकडा ठोकलेला आहे, मित्रांनो, आणि तो वाचून लोक मला किराणा दुकानातले समजतात. पण मी आजवर कधी साखर तोललेली नाही की कांदे. मी एक जुने पितळी वजन आहे. मुठीत मावेल एवढे, गोल, डोक्यावर पोलादी हूक असलेले. चिखलीत पावडर कोटिंगच्या एका शेडला लागून तीन मजली इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावरच्या शूटिंग रेंजवर मी राहते आणि पिस्तुलांचे ट्रिगर तपासते.

हे काम काय असते ते आधी सांगते. खेळाच्या पिस्तुलात हवेच्या दाबाने छर्रा उडतो. नेम कितीही छान धरला, तरी शेवटी सगळे येते बोटावर. ट्रिगर किती मागे जातो, ती त्याची चाल. किती जोर लावल्यावर तो सुटतो, ते त्याचे वजन. चाल लांब असली तर बोट वाटेतच डळमळते. वजन जास्त असले तर हात हलतो. म्हणून प्रत्येकाला वाटते, आपला ट्रिगर हलका असावा. पण फार हलका ट्रिगर नुसता स्पर्श झाला तरी सुटेल, आणि सगळ्यांना सारखा न्यायही मिळणार नाही. त्यासाठी नियम आहे. पिस्तूल नळी वर करून सरळ धरायचे, ट्रिगरला पाचशे ग्रॅमचे वजन अडकवायचे आणि हळूच उचलायचे. ट्रिगरने वजन पेलले तर पिस्तूल पास. मध्येच 'टक्' झाले तर नापास.

ते अडकवायचे वजन म्हणजे मी.

माझा जन्म भोसरीतला, एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधला. आठ वर्षे झाली त्याला. रेंज चालवणाऱ्या विजयश्री मॅडम त्या दिवशी कागदावर माझे चित्र काढून गाळ्यागाळ्यांतून हिंडत होत्या. एका नगासाठी मशीन कोण लावणार, असे म्हणून प्रत्येक जण त्यांना पुढचा गाळा दाखवत होता. नवनाथ हा तुळजापूरकडून आलेला टर्नर. त्याने चित्र बघितले, हे कशासाठी लागते ते विचारले आणि जेवणाच्या सुट्टीत करून देतो म्हणाला. डबा बाजूला ठेवून त्याने पितळेची कांडी लेथला लावली. सोनेरी कीस उडू लागला आणि त्यातून मी आकाराला आले.

मला वर आटे पाडून त्याने हूक बसवला. ट्रिगरला ओरखडा पडू नये म्हणून हुकाच्या वाकात नायलॉनचा छोटासा रोलर घातला. मग मला काट्यावर ठेवले. पाचशे बारा. पुन्हा लेथवर. पाचशे पाच. पुन्हा लेथवर. शेवटचे काप तर त्याने इतके पातळ घेतले, की मला नुसती गुदगुली झाली. काट्यावर पाचशे स्थिर झाले तेव्हा त्याने मला कापसाने पुसले आणि मॅडमच्या हातात दिले.

"घ्या मॅडम. ह्यात एक ग्रॅम इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

त्याबरोबर त्याने तीन वॉशरही दिले, प्रत्येकी साताठ ग्रॅमचे. मॅडमची तपासायची रीत अशी होती, की माझ्या हुकात एक वॉशर घातला तर ट्रिगर टिकला पाहिजे आणि तीन घातले तर सुटला पाहिजे. म्हणजे ट्रिगर नियमात बसतो आणि उगाच जडही राहत नाही.

मित्रांनो, ती वर्षे फार सुखाची होती. स्पर्धा जवळ आली, की मुले आपापली पिस्तुले घेऊन माझ्या टेबलापुढे रांग लावत. कुठले पिस्तूल कसे आहे, हे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. नवशिक्यांसाठी एक जुने पिस्तूल होते. त्याची चाल एवढी लांब, की मी लटकल्यावर ट्रिगर आधी सावकाश मागे सरके, मग थांबे आणि मग काही केल्या हलेनासा होई. मॅडम माझ्या जोडीला पाण्याची भरलेली बाटली अडकवत, तेव्हा कुठे तो सुटे. याउलट क्लबने पुढे घेतलेले नवे पिस्तूल. त्याचा ट्रिगर जरासा सरके, एका जागी येऊन अडे, आणि तिथून केसभर पुढे गेला की सुटे. एकाच्या पोटी आळस, दुसऱ्याच्या पोटी घाई. दोघेही मला सारखेच आवडत. पास झालेले मूल जाताना माझ्या अंगावरून अंगठा फिरवी, आणि त्या अंगठ्यांनीच मी चकचकीत राहिले.

त्या मुलांमध्ये एक होती तेजल. चाकणच्या पुढच्या एका गावातली. तिचे वडील गोरक्ष सकाळी शेताला पाणी देत आणि मग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत शिफ्टला जात. तिथे तयार माल मापात आहे की नाही, हे तपासायचे त्यांचे काम. पहिली शिफ्ट असली, की ते तेजलला दुपारी मोटारसायकलवरून घेऊन येत आणि मागच्या बाकावर बसून डोळे मिटत. तेरा वर्षांची असताना ती आली, तेव्हा तिने नवशिक्यांचे ते जुने पिस्तूल दोन वर्षे चालवले. कधी कुरकुर केली नाही. मग मॅडमनी तिच्या हातात नवे पिस्तूल दिले. पहिलाच छर्रा तिला कळायच्या आत सुटून गेला आणि ती इतकी हसली, की गोरक्ष जागे झाले.

रेंजची देखभाल चिमाजीमामा करत. ते जुन्या चिखली गावातले. सकाळी रेंज उघडायची, भिंतीपाशी सांडलेले छर्रे झाडून गोळा करायचे, टेबले पुसायची. मला ते रोज पुसत. एकदा असेच पुसताना त्यांचा हात लागला आणि मी टेबलावरून खाली पडले. पितळ कशाला मोडते. पण माझ्या पोलादी हुकाला तडा गेला.

मामा फार कष्टी झाले. मॅडम त्या आठवड्यात परगावी होत्या. त्या यायच्या आत आपली चूक आपणच निस्तरावी, असे त्यांना वाटले. शेजारी खिडक्यांच्या चौकटी बनवणारे दुकान होते. तिथल्या माणसाने जुना हूक काढला आणि ॲल्युमिनियमचा नवा हूक अगदी नीट बसवून दिला. रोलरही त्यात घातला. मामा मला रुमालात गुंडाळून घेऊन आले, टेबलावर ठेवले आणि दोन पावले मागे होऊन बघत राहिले. मॅडम परत आल्या. त्यांनी नवा हूक पाहिला आणि म्हणाल्या, "छान केलंत, मामा."

एवढेच बोलणे झाले.

पण मित्रांनो, मला कळले होते. ॲल्युमिनियम हलके असते. त्या दिवशी मॅडमनी मला नव्या पिस्तुलाला अडकवले, तीन वॉशर घातले, आणि ट्रिगर सुटला नाही. नेहमी सुटायचा. मॅडमना वाटले, ट्रिगरच जड झाला आहे. त्यांनी स्क्रू थोडा सैल केला. मग दुसऱ्या पिस्तुलाचा. मग तिसऱ्याचा. नवशिक्यांचे ते जुने सोडून क्लबची सहाच्या सहा पिस्तुले आठवडाभरात माझ्या मापाने लावून झाली. मी पाचशेचा आकडा पोटावर मिरवत होते आणि त्या आकड्याला आता अर्थ उरला नव्हता. ओरडून सांगावेसे वाटे. पण आम्हा वजनांना तोंड नसते.

गंमत अशी, की त्यानंतर माझे कौतुक आणखीनच वाढले. सगळ्यांचे नेम सुधारले. पिंकी नावाची एक मुलगी म्हणाली, की नवा हूक लागल्यापासून ट्रिगर कसे अलगद सुटतात. तेजलचे गुण सात-आठांनी वर गेले. मुले अंगठा फिरवून जात आणि मला तो अंगठा टोचे. असे सात महिने गेले.

मग जानेवारीत जिल्ह्याच्या निवड स्पर्धा आल्या. सहाशेपैकी पाचशे पस्तीस गुण मिळवणारा राज्य स्पर्धेला जाणार होता. आमच्या क्लबमधून पहिली पाळी तेजलची होती, बाकीची मुले दुपारनंतर. गोरक्षांनी शिफ्ट बदलून घेतली होती. चिमाजीमामा बॅगा सांभाळायला आले होते. आणि मी मॅडमच्या पिशवीत होते. स्पर्धेच्या रेंजवर पोचल्यावर मॅडमनी कट्ट्यावरच तेजलचे पिस्तूल पुन्हा एकदा तपासले. मला अडकवले, वॉशर घातला. ट्रिगर टिकला. तेजल खुशीत तपासणीच्या खोलीत गेली.

तिथे टेबलामागे बुद्धरत्न सर बसले होते. शांत माणूस, चष्मा कपाळावर. त्यांच्यापुढे त्यांचे वजन होते, माझ्यासारखेच गोल. त्यांनी पिस्तूल सरळ धरले, वजन अडकवले, उचलले.

टक्.

सरांनी पुन्हा केले. पुन्हा टक्. ते म्हणाले, की नियमाने आणखी एकदाच करता येईल, तेव्हा बाहेर जाऊन ट्रिगर नीट लावा आणि मग या. तेजलचा चेहरा उतरला. मॅडमना काही उमगेना. पाच मिनिटांपूर्वी जे पास झाले, ते आता नापास कसे? कुणालाही वाटावे तेच त्यांना वाटले, की इथल्या वजनात घोळ आहे. त्यांनी पिशवीतून मला काढले आणि सरांच्या टेबलावर ठेवले. सरांना राग आला नाही. त्यांनी इलेक्ट्रॉनिक काटा पुढे ओढला आणि आधी स्वतःचे वजन ठेवले. पाचशे. मग मला ठेवले.

चारशे शहाऐंशी.

त्या क्षणी मला वितळून जावेसे वाटले. पितळ वितळायला केवढी आच लागते ते मला ठाऊक आहे, तरीही. तेजल आकड्याकडे बघत राहिली. मॅडमनी मला उचलून हुकाला बोट लावले आणि त्यांच्या ध्यानात आले. काही बोलण्याआधी मागून चिमाजीमामा पुढे झाले.

"मॅडम, ती कडी म्या बदलली व्हती. माझ्याच हातून पडलं व्हतं. सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

सात महिन्यांचा सराव, सहा पिस्तुले, आणि समोर उतरलेल्या चेहऱ्याची पोर. मॅडमनी मला टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "मामा, हूक नवा आहे हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. काट्यावर ठेवायचं मला सुचलं नाही. आता आधी हिचा ट्रिगर लावू."

सरांनी स्वतःचे वजन वापरायला दिले. मॅडमनी स्क्रू आवळला, वजन अडकवले, पुन्हा आवळला. तिसऱ्या वेळी सरांनी उचलले तेव्हा ट्रिगरने ते पेलले आणि पिस्तुलावर तपासणीची खूण लागली. आता अडचण दुसरीच होती. पिस्तूल पास झाले होते, पण तेजलच्या बोटाला सात महिने हलक्या ट्रिगरची सवय लागली होती. तिने रिकामा ट्रिगर ओढून पाहिला. सवयीच्या जागी तो सुटलाच नाही. बोट तिथे अडले आणि पुढे ढकलताना नळीचे टोक खाली झुकले. तिचे डोळे भरून आले. ती वडिलांना म्हणाली, की आज नको, पुढच्या वर्षी बघू.

गोरक्ष तिच्याजवळ बसले. ते फार बोलणारे नव्हते.

"आमच्यात मशीनचं सेटिंग बदललं ना, की पहिले धा-पंधरा पीस वाया जात्यात. कुणी ओरडत न्हाई. मशीनला बी कळाया वेळ लागतो. तुला सुरुवातीला सरावाचे छर्रे मिळत्यात ना? ते जाऊ देत वाया."

सामना सुरू होण्याआधी प्रत्येकाला सरावासाठी पंधरा मिनिटे असतात. त्यातले छर्रे गुणांत धरत नाहीत. बाकीच्या मुली पाच-सहा छर्रे मारून थांबतात. तेजल थांबली नाही. मॅडमनी मला कठड्यावर ठेवले होते, तिथून मला ती दिसत होती. तिचा पहिला छर्रा सहाच्या वर्तुळात. दुसरा सातात. तिसरा पुन्हा सहात. चौथ्याला तिने हात खाली घेतला, श्वास सोडला आणि ट्रिगर अगदी सावकाश ओढला, जुन्या पिस्तुलाचा ओढायची तसा, कधी सुटेल याची वाट न बघता. नऊ. मग आठ, नऊ, नऊ, दहा. वेळ संपेपर्यंत तिने सव्वीस छर्रे मारले. मागे गोरक्ष बोटांवर छर्रे मोजत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

सामना साठ छर्ऱ्यांचा. पहिल्या दहांत तिला शहाऐंशी मिळाले. पुढच्या दहांत अठ्ठ्याऐंशी. मॅडम पुटपुटल्या, की असेच चालले तर जमणार नाही. तेजलला ते ऐकू गेले नाही, हे बरे झाले. तिसऱ्या दहांत एक्याण्णव. मग ब्याण्णव. मग नव्वद. तोवर तिच्या खांद्यांतला ताठरपणा गेला होता. आता तो ट्रिगर जड की हलका हा प्रश्नच तिच्यापुढे नव्हता. तो तिचा झाला होता. शेवटच्या दहांत तिने त्र्याण्णव मारले. पाचशे चाळीस झाले. पडद्यावर आकडा आला तेव्हा चिमाजीमामांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग तोच हात डोळ्यांवरून फिरवला. गोरक्ष उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

आणखी एक झाले. तेजलची पाळी पहिली होती म्हणून घोळ सकाळीच कळला. दुपारपर्यंत मॅडमनी सरांच्या वजनाने उरलेली पाचही पिस्तुले लावून घेतली. कुणीही नापास होऊन परत गेले नाही. पिंकीचे गुण थोडे घसरले, पण ती म्हणाली, की निदान हे खरे तरी आहेत. संध्याकाळी सगळ्यांनी रेंजबाहेरच्या गाडीवर भेळ खाल्ली. मामा आधी लांब उभे होते. तेजलने आपला पुडा त्यांच्या हातात दिला आणि स्वतःसाठी दुसरा मागितला. त्या गोंगाटात मी पिशवीच्या तळाशी होते. खोटे ठरलेले वजन, तरी त्या दिवशी मला फार हलके वाटत होते, आणि ते केवळ चौदा ग्रॅमने नव्हे.

परतीच्या वाटेवर गोरक्षांनी मॅडमना सांगितले, की त्यांच्या कंपनीत साधी पट्टी असली तरी तिच्यावर कॅलिब्रेशनचा स्टिकर असतो. शेवटची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी, दोन्ही तारखा त्यावर लिहिलेल्या. तारीख उलटलेली वस्तू कुणी हातात धरत नाही, मग ती कितीही चकचकीत असो.

दुसऱ्याच दिवशी चिमाजीमामा मला घेऊन भोसरीला गेले. नवनाथ अजून त्याच लेथवर होता, फक्त कानांवर पांढरे केस आले होते. त्याने मला लगेच ओळखले. हातात घेऊन नुसते वर-खाली केले आणि काट्यावर ठेवण्याआधीच म्हणाला, की ह्यात काहीतरी कमी आहे. मामांनी त्याला सगळे सांगितले, एक शब्दही लपवला नाही.

"मामा, पडलं तर पडू द्या. पण हूक बदलला तर कामून सांगितलं न्हाई?" तो म्हणाला आणि हसला. मग त्याने पोलादाचा नवा हूक बनवला, या वेळी अंमळ जाड, आणि जास्तीचे वजन माझ्या बुडाशी बारीक भोक पाडून काढून टाकले. ते भोक दुखले नाही. उलट काट्यावर पाचशे उमटले तेव्हा मला पहिल्या दिवसासारखीच गुदगुली झाली. तिथून मामांनी मला वजने तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेत नेले आणि अंगावर पिवळा स्टिकर लावून घेऊनच ते घरी आले.

आता रेंजवर एक काटा आहे. नवे मूल आले, की मॅडम त्याला आधी पिस्तूल देत नाहीत, मला देतात. गेल्या आठवड्यात सायली नावाची दहा वर्षांची मुलगी आली. तिने मला दोन्ही हातांनी उचलून काट्यावर ठेवले आणि पाचशे वाचले. मॅडमनी मान हलवली. पण तिचे समाधान झाले नाही. ती म्हणाली, "मॅडम, परत एकदा ठेवून बघू?" शेजारी तेजल राज्य स्पर्धेसाठी सराव करत होती. तिने पिस्तूल खाली ठेवले आणि सायलीला जागा करून दिली.

मित्रांनो, माझ्या अंगावरून खूप अंगठे फिरले, पण त्या प्रश्नाइतके सुख मला कशानेही झाले नाही. तुमच्या घरातही काटे असतील, घड्याळे असतील, तापमापक असतील. ती मुकी असतात. आपण चुकतो आहोत, हे त्यांना कळले तरी सांगता येत नाही. त्यांना पुसा, जपा, आणि अधूनमधून विचारा, की तू बरोबर आहेस ना. आम्हाला त्याचा राग येत नाही. आम्ही त्याचीच वाट बघत असतो.

सायलीने मला परत एकदा ठेवले. पाचशे भरले.